सेवा चालू आहे, आनंद मात्र हरवला आहे

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं काम करणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, दुःखाच्या घरी जेवण पोचवणं, हे सगळं मी करते. प्रभूच्या सेवेत आनंद असतो असं सगळे सांगतात. मला मात्र अलीकडे नुसती चिडचिड होते आणि वर चेहरा हसरा ठेवावा लागतो. माझा विश्वास कमी पडतोय का? हे ढोंग आहे का? सेवा सोडून द्यावी का?"

आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना भेटायला जाणाऱ्या स्वयंसेवकांना तयार करणं, हे माझं काम. तुमचा प्रश्न मला नवी माणसं कधी विचारत नाहीत. विचारतात ती जुनी, भरवशाची माणसं; तेही बैठक संपून बाकीचे निघून गेल्यावर, खुर्च्या आवरता आवरता. म्हणून पहिलं उत्तर लगेच देते. विश्वासाचं मोजमाप करायला बसू नका. चिडचीड हे लक्षण आहे. त्यामागे चार-पाच निरनिराळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. "अजून प्रार्थना करा" हा एकच उपाय सगळ्यांना सांगितला जातो, तिथेच गडबड होते.

आधी एक समजूत बाजूला करू. सेवा केली की आनंद मिळतो, म्हणजे आनंद हे सेवेचं वेतन, असं आपण धरून चालतो. मग वेतन थकलं की माणूस हिशोब मागायला लागतो, किंवा आपणच काम नीट केलं नसेल म्हणून स्वतःला दोष देतो. शुभवर्तमानात मला हा क्रम दिसत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या सत्तर शिष्यांना दोघादोघांनी गावोगावी पाठवतो. ते आनंदाने परत येतात. काम फत्ते झालंय, भुतंसुद्धा त्यांना वश झाली आहेत. येशू त्यांचा आनंद नाकारत नाही, पण त्याची जागा बदलतो. भुतं वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना, असं सांगतो. विचार करा, हे त्याने हरलेल्या माणसांना सांगितलेलं नाही. यशस्वी होऊन आलेल्यांना सांगितलं आहे. कारण पुढच्या खेपेला भुतं वश होणार नाहीत तेव्हा त्यांच्या आनंदाचं काय होईल, हे त्याला दिसत असावं. ज्या आजाऱ्यासाठी तुम्ही महिनोन्महिने गेलात तो बरा झाला नाही, संडे स्कूलचा मुलगा मोठा होऊन मंडळीकडे फिरकला नाही, तर कामातून मिळणारा आनंद तिथेच आटतो. नाव लिहिलेलं असण्याचा आनंद काम सुरू व्हायच्या आधीपासून असतो आणि काम फसल्यावरही राहतो.

वाचायला हे सोपं आहे. रोजच्या जगण्यात त्याची कसोटी लूकनेच दिलेली आहे, पंधराव्या अध्यायात. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत आपण सगळे धाकट्याबद्दल बोलतो. माझ्याकडे येणारी माणसं मात्र बहुतेक थोरली असतात. थोरला शेतातून येतो, सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी घरात चाललेलं गाणं-नाचणं ऐकतो आणि बाहेरच थांबतो. बाप समजवायला येतो तेव्हा तो काय म्हणतो? इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला कधी करडूसुद्धा दिलं नाही. वाक्य नीट ऐका. त्याची सेवा खरी आहे. वर्षंही खरी आहेत. त्याने कधी कामचुकारपणा केल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. पण तो मुलगा असून गड्यासारखा राबलाय, आणि प्रत्येक दिवसाची नोंद मनात ठेवलीय. बापाचं उत्तर रागाचं नाही: बाळा, तू तर नेहमी माझ्याजवळ आहेस, जे माझं ते सगळं तुझंच आहे. करडू हवं होतं तर घ्यायचं होतं, मागायचीही गरज नव्हती.

तुमच्या चिडचिडीत हिशोबाचा आवाज आहे का, ते एकदा शांतपणे ऐका. "मी एवढं करते आणि ती नुसती बसून असते." "माझं नाव घ्यायला विसरले." "माझ्या आजारपणात कोण आलं?" हे विचार आले म्हणजे तुम्ही वाईट ठरत नाही. त्यातली शेवटची तक्रार तर पुष्कळदा रास्त असते, आणि ती मंडळीला ऐकवायला हवी. पण ही वाक्यं मनात रोज फिरत असतील तर थोरल्या मुलाची जागा तुमच्या ओळखीची झाली आहे. त्यावर माझ्या अनुभवात एक साधी गोष्ट चालते: आठवड्यातला एक तास देवासमोर असा घालवायचा की ज्यात कोणासाठीही काही करायचं नाही. पाठाची तयारी नाही, मध्यस्थीच्या प्रार्थनेची यादी नाही, संदेशासाठी वचन शोधणं नाही. जुन्या सेवकांना हा तास भयंकर जड जातो. त्यांना वचन वाचलं की लगेच ते कुणाला सांगायचं हे सुचतं. स्वतःसाठी वाचायची सवयच मोडलेली असते. त्या जडपणावरूनच तास किती गरजेचा होता ते कळतं.

इथे व्यासपीठावरून होणाऱ्या एका गोष्टीबद्दल तक्रार करते. "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" हे वचन अनेकदा चाबकासारखं वापरलं जातं: द्या, आणि हसत द्या. प्रेषित पौलाने ते करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं तेव्हा यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी चालू होती, आणि त्याच वाक्याच्या आधीच्या भागात तो म्हणतो, प्रत्येकाने आपल्या मनात ठरवलं असेल तसं द्यावं. खेदाने नको, भाग पडतं म्हणून नको. म्हणजे वचन मोकळीक देणारं आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं होय म्हणणं संतोषाचं कसं असेल? तुम्ही शेवटचं "नाही" कधी म्हणालात, ते आठवून पाहा.

आता शरीराकडे येते. आपल्या मंडळ्यांमध्ये याला फारच कमी किंमत दिली जाते. पहिल्या राजांच्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतरची ही गोष्ट आहे. देवदूत येतो तो उपदेश करायला नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी असते. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, आणि कारण देतो: तुझ्या शक्तीबाहेरचा प्रवास तुला करायचा आहे. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आपण उलटं करतो. थकलेल्या माणसाला आधी बोलतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यातला पस्तिसावा अध्याय स्वयंपाकघरातल्या आठवड्याच्या पाळीवर आहे. सेवेच्या विषयावर मी वाचलेलं सगळ्यांत व्यवहारी पान ते. काम सगळ्यांनी आळीपाळीने करायचं. जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्यायचे, कशासाठी, तर त्यांनी ते काम खिन्न मनाने करू नये म्हणून. वाढणाऱ्यांना जेवणाच्या आधी ठरल्या वाट्यापेक्षा थोडी जास्त भाकर आणि पेय द्यायचं, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी ते कुरकूर न करता भावांची सेवा करतील. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने भांडी स्वच्छ आणि धडधाकट परत करायची, संपवणारा आणि सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि रविवारी सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. बेनेडिक्ट कुरकुरीचा कट्टर शत्रू होता. नियमांत जागोजागी तो तिच्यावर तुटून पडतो. पण इथे उपाशी पोटी वाढायला लावून वर आनंदाची अपेक्षा करणं, हे त्याने मान्य केलं नाही. पाळीला सुरुवात आहे, शेवट आहे, मदत आहे, पोटात अन्न आहे, आणि सगळ्यांच्या देखत झालेली प्रार्थना आहे. तुमच्या संडे स्कूलच्या कामाला यातलं काय आहे? बहुतेक मंडळ्यांत सेवेची सुरुवात टाळ्यांनी होते आणि शेवट माणूस कोसळल्यावर होतो.

म्हणून आधी साध्या गोष्टी तपासा. झोप किती होते? घरात आजारपण, पैशाची ओढाताण, काही दुःख चालू आहे का? आणि एक फरक लक्षात ठेवा. सेवेतलाच नव्हे तर सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, आवडती माणसं, आवडतं गाणं, काहीच गोड लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर डॉक्टरांकडे जा. ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, आणि ते घेणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. याबाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही, सरळ पाठवते.

मार्थेची गोष्टही लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात आहे, आणि तिच्यावर मंडळीत अन्याय होतो. येशूला घरात घेतलं तिनेच, आणि बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत असताना पाहुणचारासाठी राबलीही तीच. त्याने तिच्या कामाला कुठेही कमी लेखलं नाही. तो बोलतो तिच्या काळजीबद्दल, दगदगीबद्दल. तिची तक्रार पाहा: माझ्या बहिणीने माझ्या एकटीवर काम टाकलं, याची तुम्हाला पर्वा नाही का? प्रश्न पाहुण्याला आहे आणि तक्रार बहिणीबद्दल. कामातून सुटलेला आनंद नेहमी शेजारच्या माणसावर येऊन आदळतो. तुमची चिडचीड नेमकी कुणावर निघते, ते बघा. बऱ्याच वेळा ज्यांची सेवा करतो त्यांच्यावर ती निघत नाही, बरोबरच्या सेवकांवर निघते. तसं असेल तर प्रश्न सेवेचा नसून कामाच्या वाटणीचा आहे. त्यासाठी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय आहे. विधवांच्या रोजच्या वाटपात भेद होतोय अशी कुरकूर झाली, तेव्हा प्रेषितांनी त्या लोकांना आनंदी राहा असं सांगितलं नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितलं आणि काम त्यांच्याकडे सोपवलं.

मार्थेच्या जरा आधी, त्याच अध्यायात, वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला मदत करणारा शोमरोनी माणूस आहे. आपण त्याचं थांबणं सांगतो, जखमा बांधणं सांगतो. त्याचं निघून जाणं कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खानावळवाल्याला दोन दिनार दिले, याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगितलं आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याचं काम अर्धवट राहिलं नाही. त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिलं. आमच्या स्वयंसेवकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. प्रत्येक जखमी माणसाच्या उशाशी शेवटपर्यंत बसणारे तुम्हीच असलं पाहिजे, असं काही नाही. तो मान मागणं हीसुद्धा एक हाव असते, आणि ती फार भक्तिमान दिसते.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आनंद हरवलेले सेवक बहुतेक एकाच दिशेने काम करत असतात: हे देतात, ते घेतात. येशूचं तसं नव्हतं. विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलणं सुरू झालं ते त्याने पाणी मागितल्यावर. त्याने लोकांच्या घरी जेवण घेतलं, मच्छीमाराची होडी घेतली, एका बाईकडून पायांना तेल लावून घेतलं आणि त्यावर नाक मुरडणाऱ्या यजमानाला गप्प केलं. उलट त्याचा शिष्य पेत्र याला येशूकडून पाय धुवून घेणं जमेना. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, असं तो म्हणतो. नम्रतेसारखं वाटतं, पण येशूने ते खपवून घेतलं नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, इतकं कडक उत्तर दिलं. घेता न येणाऱ्या माणसाचं देणं हळूहळू वरून खाली होत जातं. समोरच्याला ते कळतं, आणि देणाऱ्यालाही त्यात रस उरत नाही.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनाकडे या नजरेने पाहा. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या. त्यांना नुसतं सांभाळलं असतं तरी ते थोर काम ठरलं असतं. पण तिथे विणकाम होतं, शेती होती, छापखाना होता, आणि मुली ते शिकून करू लागल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींच्या हातांनी छापलं गेलं. वाचवलेल्या मुली त्या घराच्या कारभारात सहभागी झाल्या.

आमच्या भेटींच्या सेवेत म्हणूनच एक रीत आहे. निघताना आपण आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, त्याआधी त्यांना विचारायचं, "माझ्यासाठी एक प्रार्थना कराल का?" आणि खरीखुरी गरज सांगायची. मुलाची परीक्षा, कंबरदुखी, काहीही, पण खरं. ज्यांना सगळे फक्त "कसं वाटतंय?" विचारतात, त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. परत येताना स्वयंसेवक बोलत असतात ते मात्र स्वतःला मिळालेल्या प्रार्थनेबद्दल. पौल रोमच्या मंडळीला लिहितो की मी तुमच्याकडे येईन तेव्हा तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला उत्तेजन मिळावं. पौलासारखा माणूस हे म्हणतो, तर आपण कुठे मोठे लागून गेलो?

आता ढोंगाचा प्रश्न. आनंद वाटत नसताना काम करत राहणं हे ढोंग नाही. मत्तयच्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांची गोष्ट आहे. एकाने मळ्यात जायला सरळ नकार दिला, मग त्याला पस्तावा झाला आणि तो गेला. बापाची इच्छा त्यानेच पूर्ण केली, असं येशू ऐकणाऱ्यांकडून वदवून घेतो. तो मळ्यात गाणं म्हणत गेला की तोंड वाकडं करून, याची नोंदसुद्धा नाही. ढोंग सुरू होतं ते जवळच्या दोन-तीन माणसांसमोरही हसरा चेहरा उतरवता येत नाही तेव्हा. आजाऱ्यासमोर चेहरा सांभाळणं ही माणुसकी. पाळकांसमोर, सोबतच्या बहिणीसमोर, देवासमोरही तोच चेहरा ठेवणं हे धोक्याचं. स्तोत्रसंहितेत इतकी रडगाणी आहेत. ती कुणी तरी म्हणावीत म्हणूनच ठेवली आहेत.

आणि एक कारण असं असतं की ज्याला ना थकवा जबाबदार, ना हिशोब, ना वाटणी. सगळं जागच्या जागी असून आत कोरडं. मदर तेरेसा यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ अर्धं शतक त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. आपलं हसू म्हणजे सगळं झाकणारा झगा आहे, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पण त्यांनी हे आपल्या धर्मगुरूंना लिहिलं होतं, एकटीने गिळलं नव्हतं. त्यांचं उदाहरण देऊन कोणी तुम्हाला "बघा, त्यांनी कशी तक्रार केली नाही" असं म्हणालं तर ही पत्रं आठवा.

अशा कोरड्या काळासाठी जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात एक नियम घालून दिला: मन कोरडं असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मी त्यात एक भर घालते, आणि ती त्यांना मान्य झाली असती असं मला वाटतं. विश्रांती घेणं म्हणजे निर्णय बदलणं नव्हे. रागाच्या भरात रविवारी उपासनेनंतर राजीनामा देऊ नका. पण दोन महिन्यांची सुट्टी अवश्य मागा. सुट्टीत झोप भरून निघाली आणि आजाऱ्यांची आठवण यायला लागली, तर दुखणं थकव्याचं होतं. आराम होऊनही परत जायच्या कल्पनेनेच पोटात गोळा येत असेल, तर ती सेवा बहुधा तुमची नव्हतीच, कोणी तरी गळ्यात घातलेली होती. कृपादानं, म्हणजे देवाने दिलेल्या क्षमता, निरनिराळी आहेत हे आपण शिकवतो आणि संडे स्कूलला माणूस मिळेना की विसरतो. तसं असेल तर ती सोडणं हा विश्वासघात नाही.

तुमच्याकडे तीन कामं आहेत. मला विचाराल तर तिन्ही एकदम सोडू नका आणि तिन्ही धरूनही बसू नका. ज्या कामातून घरी आल्यावर दमलेलं असूनही कुणाला तरी काही सांगावंसं वाटतं, ते एक ठेवा. उरलेल्या दोहोंबद्दल पाळकांना भेटा. "मला जमत नाही" एवढंच म्हणू नका, त्याचं उत्तर "प्रार्थना करू या" असंच येईल. कोणतं काम, कोणत्या तारखेपर्यंत करणार, आणि वर्ग किंवा जेवणाचं काम हाती घ्यायला कोण तयार होऊ शकेल अशी एक-दोन नावं, हे कागदावर लिहून घेऊन जा. भेटी ठेवणार असाल तर एकट्या जाऊ नका, जोडीने जा. ते सत्तर जणही दोघेदोघेच गेले होते. परत येताना वाटेत दहा मिनिटं थांबून दोघींनी एकमेकींना आज काय जड गेलं ते सांगायचं, मगच घरी जायचं.